हासळी वर येत नाही, खांदा खाली जातो

पावसात रिंग रोडवर गाडी स्लिप होते, माणूस थेट खांद्यावर आपटतो आणि घरी आरशात पाहतो तर खांद्याच्या टोकाशी हाडाचा उंचवटा. 'खांदा उतरला' म्हणत घरचे त्याला मेडिकलला नाहीतर मेयोत, म्हणजे नागपूरच्या सरकारी रुग्णालयात नेतात. पण खांद्यात सांधे एकाहून अधिक आहेत. मार्च 2021मध्ये पुण्याच्या क्रिकेट सामन्यात श्रेयस अय्यरचा निखळला तो दंडाच्या गोळ्याचा सांधा. इथं सुटतो तो त्याच्या वरचा, हासळी आणि खवाट्याचं टोक जोडणारा एसी जॉइंट.

ही गल्लत फार जुनी. दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन वयाच्या 35व्या वर्षी कुस्ती खेळताना असाच जखमी झाला. वस्तादानं दंड निखळला असं समजून तो बसवायला घेतला. खरं निदान गेलननं स्वतःच केलं.

डॉक्टर त्या उंचवट्यावर बोट दाबतात. पेटीच्या पट्टीसारखं हाड खाली जातं, बोट काढलं की पुन्हा वर. हासळीला खवाट्याच्या चोचीसारख्या हाडाशी बांधणारे दोन पट्टे तुटलेले असतात. हासळी मुख्यतः जागेवरच असते. हाताच्या वजनानं खांदा खाली लोंबतो. म्हणून शस्त्रक्रियेचं काम एवढंच, की पट्टे भरून येईपर्यंत हे वजन कुणीतरी तोलून धरायचं.

कुणी, यावरच सगळा वाद आहे. सांध्यातून आरपार घातलेल्या तारा सरकून फुप्फुसापर्यंत पोचल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे त्या मागे पडल्या. 1941मध्ये बॉसवर्थनं हासळीतून थेट त्या चोचीत स्क्रू बसवला. पकड घट्ट, पण हात वर नेताना हासळी स्वतःभोवती फिरते आणि ताठ स्क्रू सैल होतो, कधी तुटतो. हुक प्लेट हासळीवर बसते आणि तिचा आकडा खवाट्याच्या टोकाखाली अडकतो. ती भक्कम असते, मात्र आकडा वरचं हाड झिजवतो, म्हणून काही महिन्यांनी ती काढावी लागते. म्हणजे दुसरं ऑपरेशन, पुन्हा भूल, पुन्हा रजा. रोजंदारीवरच्या माणसाला हे आधीच स्पष्ट सांगायलाच हवं.

बटणाची पद्धत वेगळी. दोन्ही हाडांत बारीक भोक पाडून मजबूत दोरा ओवतात, दोन्ही टोकांना धातूची बटणं. दुर्बिणीतूनही हे जमतं, सांध्याला थोडी हालचाल मिळते, बटणं सहसा काढावी लागत नाहीत. धोका भोकांचाच: तिथून हाड मोडू शकतं. दुखापत जुनी असेल तर तुटके पट्टे आपणहून नीट जुळत नाहीत. मग बहुधा गुडघ्यामागची रुग्णाचीच कंडरा काढून नवा पट्टा ओवतात.

पण प्रत्येकाला टेबलावर घ्यायचं कारण नाही. 1984च्या रॉकवुड वर्गवारीत सहा प्रकार आहेत. पहिले दोन झोळी आणि व्यायामानं बरे होतात, शेवटच्या तिघांना बहुधा शस्त्रक्रिया लागते. अडतं तिसऱ्यापाशी. कॅनडात पूर्ण सुटलेल्या सांध्याच्या 83 रुग्णांवर झालेल्या, 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हुक प्लेट बसवलेल्यांचे हात झोळीवाल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. सुरुवातीला तर झोळीवालेच पुढे होते. एक्स-रेत मात्र प्लेटवाल्यांचं हाड जास्त सरळ दिसलं. झोळीवाल्यांचा उंचवटा शर्टाखाली तसाच राहिला.