पत्त्याची सीमारेषा : नेटमास्क कसा निवडावा

पत्र टाकणारा सारा पत्ता लिहितो; परंतु टपालखाते तो टप्प्याटप्प्याने वाचते. १९७२ साली सुरू झालेल्या पिनकोडाचे पहिले तीन अंक पत्र कोणत्या विभागाकडे वळवावयाचे ते सांगतात, उरलेले तीन तेथील टपालघर दाखवितात. संगणकाच्या आयपी पत्त्याचीही अशीच दोन अंगे असतात : एक जाळ्याचे, दुसरे यंत्राचे. पिनकोडात त्यांमधील सीमा कायमची ठरलेली आहे. येथे ती योजकाने आखावयाची असते. ही सीमा दाखविणारी संख्या म्हणजे नेटमास्क.

१९८१ सालच्या नियमांनुसार आयपी पत्त्यात शून्य किंवा एक यांची बत्तीस घरे असतात. मास्कमध्ये जाळ्याच्या घरांत एक आणि यंत्राच्या घरांत शून्य लिहितात. २५५.२५५.२५५.० या मास्कने शेवटची आठ घरे यंत्रांना मिळतात, म्हणजे २५६ पत्ते. त्यांतील पहिला जाळ्याची खूण आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक देण्यासाठी; म्हणून यंत्रांना २५४ उरतात.

एका कचेरीजवळ १९२.१६८.१०.० हे जाळे आहे असे समजू. हिशेबखात्यात ५० यंत्रे, भांडारात २५. पन्नासांत वरील दोन मिळविले की बावन्न; त्याहून मोठा दोनाचा घात ६४. म्हणून हिशेबखात्याचा मास्क २५५.२५५.२५५.१९२, पत्ते ० ते ६३. भांडारास ३२ पुरतात, मास्क २५५.२५५.२५५.२२४, पत्ते ६४ ते ९५. मोठा गट आधी आखावा, म्हणजे जागा वाया जात नाही.

आता हिशेबखात्यातील एका यंत्रावर चुकून जुनाच २५५.२५५.२५५.० राहिला, तर? त्या यंत्रास भांडारही आपल्याच घरातले वाटते. ते राउटरकडे न जाता जागच्या जागी हाक मारते. हाक भिंतीपलीकडे जात नाही, उत्तर येत नाही. बाहेरच्या जगाशी मात्र व्यवहार सुरळीत चालतो. त्यामुळे दोष भांडाराच्या यंत्रांत शोधला जातो आणि खरे कारण दृष्टीआड राहते.

उलट क्रिया जोडण्याची. पूर्वी जाळ्यांचे वर्ग ठरलेले होते : ‘ब’ वर्गात ६५,५३६ पत्ते, ‘क’ वर्गात केवळ २५६. हजार यंत्रांच्या संस्थेला एक अतिमोठा, दुसरा अपुरा. ‘ब’ वर्ग संपत आला, आणि अनेक ‘क’ वर्ग वाटावे तर राउटरांतील मार्गांच्या याद्या फुगत चालल्या. म्हणून १९९३ साली वर्गांचे बंधन काढून लगतची जाळी एका मास्काखाली आणण्याची पद्धत आली.

येथेही एक अट आहे. चार जाळी जोडावयाची तर पहिल्याचा अंक चाराने निःशेष भागला पाहिजे. १९२.१६८.४.० ते १९२.१६८.७.० ही जाळी २५५.२५५.२५२.० या मास्काने एक होतात. पण ३ ते ६ घेतली तर तोच मास्क त्यांतील ३ ला ० ते ३ च्या गटात टाकतो आणि ४, ५, ६ यांना ४ ते ७ च्या. चारही जाळी लगतची खरी, तरी एका मास्काखाली येत नाहीत.

तात्पर्य, संख्या दोनाच्या घातात मोजावी, प्रारंभ त्या संख्येच्या पटीत ठेवावा, आणि एका जाळ्यातील सर्व यंत्रांवर एकच मास्क असावा. शेताचा बांध बोटभर सरकला तरी शेजाऱ्यांत वितुष्ट येते. येथे एक बिट सरकले की शेजारी परस्परांना दिसेनासे होतात.