इंजिनाच्या गावात बॅटरीची गाडी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत बहुतेक घरांचा उंबरा थेट रस्त्यावर उतरतो. चारचाकी रात्री तालमीजवळ, बोळाच्या तोंडाशी, मिळेल तिथं लागते. विजेच्या मोटारीची पहिली अडचण इथंच आहे. नेक्सॉन ईव्हीच्या पहिल्या मॉडेलची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. घरगुती ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर ती पूर्ण भरायला नऊ-दहा तास लागतात, म्हणजे गाडी रात्रभर आपल्याच मीटरजवळ उभी हवी. माडीवरून वायर सोडून रहदारीचा बोळ अडवला तर शेजारी किती दिवस ऐकून घेतील? रुईकर कॉलनीतल्या बंगलेवाल्याला ही काळजी नाही. अपार्टमेंटमध्ये मात्र लोड कुणी वाढवून घ्यायचा, मीटर कुणाच्या नावावर, यावरून सोसायटीच्या बैठका रंगतात.

नॉर्वेचा दाखला सगळेच देतात. तिथं २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के विजेच्या होत्या. भारतात हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास होतं. नॉर्वेत मोठ्या करसवलती आहेत, धरणांची मुबलक वीज आहे आणि पुष्कळांच्या दारात गाडी लावायला जागाही आहे. आपल्या पेठांना यातलं काय लागू पडतं?

शहराबाहेर पडायचं तर पुण्याचा रस्ता त्यातल्या त्यात सोपा. कोकणात उतरायचं तर हिशेब बदलतो. करूळ घाट उतरताना मोटर उलटी वीज बनवते आणि बॅटरी थोडी भरते; परतीच्या चढाला त्याहून कितीतरी जास्त खर्ची पडते. जातानाचा आकडा बघून परतीचा अंदाज बांधणारा फसतो.

मग पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, वीज उपकेंद्रांत पाणी शिरलं, वस्त्या अंधारात गेल्या. बॅटरीवरच्या ‘आयपी ६७’ शिक्क्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणं एवढाच. इथलं पाणी अर्ध्या तासात कधी ओसरलंय? अर्थात रस्ता बंद झाला की पेट्रोलचे टँकरही अडकतात, हे विसरायला नको.

या अडचणी पैशानं आणि नियोजनानं सुटतील. माझ्या मते खरी गाठ उद्यमनगरात आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत आहे. महादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं इथं यंत्रं घडवायला सुरुवात केली, पुढं ऑइल इंजिनांनी या शहराला नाव दिलं. कागलला किर्लोस्करांची इंजिनं बनतात, मेनन पिस्टन्सचं तर नावच पिस्टनवर आहे. सिलिंडर ब्लॉक, हेड, लायनर, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांतलं विजेच्या गाडीत काहीच लागत नाही. ब्रेकड्रम, डिस्क, हब राहतील. मोटरचं आवरण बहुधा ॲल्युमिनियमचं असतं आणि इथल्या बऱ्याच भट्ट्या बिडाच्या. भट्टी, साचे, मशिनशॉप, कारागिराचा हात, सगळंच बदलावं लागेल. मोठा कारखानदार ट्रॅक्टर, पंप, निर्यात अशी वाट काढेल; दोन लेथवर जॉबवर्क करणाऱ्याकडं ती सोय कुठली? राज्याच्या २०२१ च्या धोरणात २०२५ पर्यंत नव्या वाहनांत विजेच्या वाहनांचा वाटा दहा टक्क्यांवर नेण्याचं लक्ष्य होतं. असं लक्ष्य ठरवताना या जॉबवर्कवाल्याचा विचार क्वचितच होतो.

दुसरी गाठ उसाची. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं २०३० चं उद्दिष्ट केंद्रानं २०२५ वर आणलं. साखर कारखान्यांनी व्याज सवलतीची कर्जं काढून डिस्टिलरी उभारल्या, वाढवल्या, आणि उसाच्या बिलाला इथेनॉलचा आधार मिळाला. हे इथेनॉल पेट्रोलच्या टाकीतूनच खपतं, बॅटरीच्या गाडीला त्याचा थेंबही लागत नाही. सहवीजनिर्मिती करणारे कारखाने बगॅसवर वीजही बनवतात, आणि ती गाड्यांना चालेल. पण गाळप थांबलं की ही वीज आटते. डिस्टिलरीच्या कर्जाचे हप्ते मात्र वर्षभर भरावे लागतात.