मुलांच्या तोंडाची दुर्गंधी : रागावू नका, कारण शोधा

‘तोंड बंद कर, वास येतो!’ भावंडांच्या भांडणात हे वाक्य सहज उच्चारले जाते. ज्याला ते ऐकावे लागते, ते मूल मात्र बोलताना तोंडावर हात धरू लागते. वर्गात उत्तर येत असूनही गप्प बसते. म्हणून मुलांच्या मुखदुर्गंधीकडे क्षुल्लक बाब म्हणून पाहणे योग्य नव्हे.

सकाळी उठल्यावर येणारा वास स्वाभाविक आहे. झोपेत लाळ कमी स्रवते. लाळेने तोंड धुतले जाणे मंदावले की जिभेवरील व दातांच्या फटींतील जीवाणू अन्नकणांतील प्रथिनांचे विघटन करून गंधकयुक्त वायू निर्माण करतात. दात घासून न्याहारी केल्यावर हा वास जातो. दिवसभर टिकणाऱ्या वासाचे कारण मात्र शोधले पाहिजे.

बहुधा ते तोंडातच असते : अस्वच्छ जीभ, किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या. ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ असे म्हणून किडीकडे दुर्लक्ष करू नये. कधी कारण नाक-घशात असते. नाक चोंदल्यामुळे किंवा ॲडेनॉइड वाढल्यामुळे मूल तोंडाने श्वास घेते व तोंड कोरडे पडते. टॉन्सिलच्या खळग्यांत अन्नकण साचूनही वास येतो. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर आत मणी किंवा चिंचोका अडकलेला असू शकतो. तो घरी काढू पाहिल्यास अधिक आत सरकतो, डॉक्टरांकडेच जावे.

एक लक्षण विशेष ध्यानात ठेवावे. श्वासाला फळासारखा गोडसर वास येत असून अतिशय तहान, वारंवार लघवी, वजनात घट वा उलट्या होत असतील, तर तो मधुमेहातील गंभीर बिघाड असू शकतो. अशा मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

एरवी घरचे उपाय साधे आहेत. दिवसातून दोनदा दात घासावेत. रात्रीचे घासणे मुळीच चुकवू नये. 3 वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, 3 ते 6 वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी टूथपेस्ट पुरेशी होते. साधारण 7-8 वर्षांपर्यंत पालकांनी स्वतः हात लावावा. जीभ हळुवार स्वच्छ करावी, पाणी वरचेवर पाजावे, दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. मशेरीत तंबाखू असते. ती मुलांच्या दातांना कदापि लावू नये. बडीशेप वा सुगंधी गोळी वास केवळ झाकते. माऊथवॉश 6 वर्षांखालील मुलांना देऊ नये, कारण ती तो गिळतात. महिनाभर नीट काळजी घेऊनही वास राहिल्यास दंतवैद्यांना दाखवावे.

आणि पालकहो, हे सारे चारचौघांत बोलू नका. मुलाला जवळ घ्या, आरशासमोर उभे राहा आणि दोघे मिळून दात घासा. टोमण्याने मूल तोंड मिटते. सोबतीने ते सवय शिकते.