चष्म्याला निरोप देण्यापूर्वी

विज्ञानाने मानवाला दिलेल्या देणग्यांत लेसर किरणांचे स्थान मोठे आहे. पोलाद कापण्यासाठी वापरला जाणारा लेसर आज डोळ्यांवरही चालतो आणि काही मिनिटांत चष्म्याची गरज संपवू शकतो. मागच्या बाकावरून फळा न दिसणाऱ्या आपल्यासारख्या अनेकांना त्याचे आकर्षण वाटते. म्हणूनच ही शस्त्रक्रिया समजून घेणे अगत्याचे आहे.

डोळ्यात शिरणारा प्रकाश प्रथम पारपटलातून जातो. पारपटल म्हणजे घड्याळाच्या काचेसारखा डोळ्यावरचा पारदर्शक पडदा. प्रकाश वळविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम तोच करतो. लघुदृष्टीत नेत्रगोल बहुधा लांबट झालेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता अलीकडेच पडते. उणे नंबरचा चष्मा ती मागे सरकवतो. लेसर तेच काम पारपटलाचा मधला भाग किंचित सपाट करून साधतो.

या शोधामागे एक भारतीय आहे, हे वाचून मला अभिमान वाटला. मद्रासला जन्मलेले आर. श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत. १९८१ च्या नोव्हेंबरात सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर त्यांनी एक्सायमर लेसर चालविला. आजूबाजूचा भाग न जळता रेखीव खाच पडली! पुढे १९८३ साली नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांच्यासह त्यांनी पारपटलावरील प्रयोग प्रसिद्ध केले.

‘लॅसिक’ पद्धतीत थेंबांनी डोळा बधिर करून पारपटलाचा पातळ पापुद्रा उलगडतात, खालचा भाग लेसरने कोरतात आणि पापुद्रा पुन्हा बसवितात. येथे हिशेब महत्त्वाचा ठरतो. पारपटल मध्यभागी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जाड असते. पापुद्रा ११० मायक्रॉनचा आणि दर नंबरामागे कोरणे १५ मायक्रॉनचे धरले, तर चार नंबरवाल्याचे खाली ३७० उरतात. निदान २५० तरी उरावेत, असा संकेत आहे. पण पारपटल ४६० आणि नंबर नऊ असेल, तर २१५ च उरतात. इतके पातळ पारपटल डोळ्यातील दाबाने पुढे फुगू शकते. कोरलेला भाग पुन्हा भरून येत नाही.

आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिली आणि चष्मा लावणारीही पहिलीच. “पुस्तकांनी डोळे घालवले, लग्नाआधी लेसर करून घे,” असे मावशी म्हणते. आईने तर भिशीचे पैसे देण्याची तयारी दाखविली आहे. परंतु वर्षभरात माझा नंबर चारावरून साडेचार झाला. वय अठरा पूर्ण असले, तरी किमान एक वर्ष नंबर स्थिर हवा. नाही तर चष्मा पुन्हा लागू शकतो. म्हणून मी थांबणार आहे.

शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळे कोरडे पडणे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे असे त्रास होऊ शकतात. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतोच. नेत्रगोल लांबटच राहत असल्याने दृष्टिपटलाची तपासणीही चुकत नाही. सैन्य वा पोलीस भरतीसाठी लेसर करणाऱ्यांनी त्या पदाचे नियम आधी पाहावेत.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, खर्च विचारण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : माझा नंबर स्थिर आहे का? पारपटल किती जाड आहे? आणि कोरल्यावर किती उरेल?