किरणांचे शिंतोडे

भिंतीला चुना मारताना कितीही सांभाळलं तरी चार शिंतोडे फरशीवर उडतातच. कर्करोगावर ‘लाईट’ देतात, म्हणजे रेडिओथेरपी, तिथंही असंच होतं. झोत नेमून दिलेल्या जागी पडतो, पण थोडे किरण बाहेर जातात.

मंडळी, मी यात डोकं घातलं ते आमच्या भाईजानांमुळं. घशाचा कर्करोग, आणि छातीत डावीकडं कातडीखाली पेसमेकर. भाभींनी डॉक्टरांना एकच विचारलं, “गळ्यावरचे किरण त्या यंत्राला लागतील का?”

थोडे लागतात. यंत्राच्या डोक्यातून गळती होते, पण जाड धातूच्या आवरणामुळं ती मूळ मात्रेच्या हजारात एक एवढ्यावर रोखलेली असते. झोताला आकार देणाऱ्या पट्ट्यांवरूनही काही किरण उडतात. खरी खोडी मात्र आपल्याच शरीराची! आत शिरलेले किरण तिथल्या इलेक्ट्रॉनांवर आदळून भलत्याच दिशेला निघतात. झोताच्या काठालगत यांचाच वाटा मोठा. म्हणून छातीवर शिशाचा पत्रा ठेवून भागत नाही. शिंतोडे आतूनच येतात. अंतर वाढलं, की ते झपाट्यानं कमी होतात.

रोगी निजतो ते टेबलही अगदी निर्दोष नसतं. ते कार्बन फायबरचं, हलकं आणि भक्कम. तरी खालून सरळ येणाऱ्या झोतातले साधारण २-३ टक्के किरण त्यात जिरतात, तिरक्या झोतातले जास्त. ६ मेगाव्होल्टच्या किरणांचा जोर कातडीवर नव्हे, तर सुमारे दीड सेंटिमीटर आत असतो. टेबल पाठीला चिकटलेलं असलं की कातडीची ही सवलत बरीचशी जाते. म्हणून उपचाराच्या आराखड्यात टेबलही धरावं, असं अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१४ च्या अहवालात सांगितलं.

कवीनंही पाहावेत असे आकडे पुढं आहेत. घशाला ३५ बैठकांत ७० ग्रे मात्रा देतात. पेसमेकरला शक्यतो एकूण २ ग्रेच्या आत ठेवतात. म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी! १० मेगाव्होल्टच्या वरचे किरण टाळतात, कारण त्यांतून न्यूट्रॉन निघतात आणि ते यंत्राच्या इलेक्ट्रॉनिक्सला बिघडवू शकतात. भाईजानांच्या पेसमेकरवर पहिल्याच बैठकीत नखाएवढा मापक चिकटवला होता. आकडा मर्यादेत आला, तेव्हा कुठं भाभी जेवल्या.

पेसमेकर असेल तर त्याचं ओळखपत्र पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढं ठेवा. झोत कुठून आणायचा, हे त्यानंतरच आखतात.