गोळी तोंडात जाण्याआधी

1898 च्या प्लेगनंतर बंगळुरूच्या दाट पेठेबाहेर मोकळ्या हवेसाठी जी उपनगरं वसली, त्यांतलं एक मल्लेश्वरम. मुलं परदेशी आणि आई-वडील इथं, अशी कितीतरी घरं आज या वस्तीत आहेत. अशा म्हाताऱ्यांच्या गोळ्या त्यांच्या हातावर कुणीतरी दुसरंच ठेवतं: घरी येणारी मदतनीस, नाहीतर वृद्धाश्रमातली नर्स.

गोळी देणाऱ्या त्या हाताकडून चूक होते, हे जगाला उशिरा उमगलं. 1962 मध्ये अमेरिकेत केनेथ बार्कर आणि वॉरेन मॅककॉनेल यांनी रुग्णालयात नर्सशेजारी निरीक्षक उभा केला. नोंदवहीत लिहिल्या जात होत्या त्याच्या कितीतरी पट चुका डोळ्यांदेखत घडत होत्या. पुढे 2002 मध्ये बार्कर यांनीच जॉर्जिया व कोलोरॅडोतल्या 36 रुग्णालयांत आणि शुश्रूषागृहांत मोजणी केली. जवळजवळ दर पाच डोसांमागे एक चुकलेला! बहुतेक चुका वेळेच्या आणि राहून गेलेल्या गोळ्यांच्या होत्या. इंग्लंडमधल्या 55 वृद्धाश्रमांच्या 2009 च्या पाहणीत माणशी सरासरी आठ औषधं चालू होती आणि दहातल्या सात जणांच्या बाबतीत कुठली ना कुठली चूक सापडली. आठ औषधं, अनेक रुग्ण, सकाळची घाई आणि मध्येच वाजणारा फोन. एकट्या नर्सला दोष देणं अन्यायाचंच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली. आपल्याकडचे धोके मात्र अगदी आपले आहेत.

इन्सुलिनचंच घ्या. इथल्या बहुतेक कुप्या मिलिलिटरला 40 युनिटच्या, तर पेन 100 युनिटचं. सिरिंजही दोन: लाल टोपणाची 40 साठी, नारिंगी 100 साठी. पेनमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं, तर डोस अडीचपट होतो. सांधेदुखीवरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज दिली गेली, तर जिवावर बेतते. चिठ्ठीवर 'रोज नाही, दर सोमवारी' असं मदतनीस वाचते त्या भाषेत लिहिलेलं असलं, तर ही चूक टळण्याची शक्यता खूप वाढते.

ऑगस्ट 2023 पासून भारतात 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा झाला. चांगलं पाऊल. पण दुकानदार चार गोळ्या कात्रीने कापून देतो, तेव्हा नाव, मुदत आणि कोड बहुधा उरलेल्या पट्टीवरच राहतात. वृद्धाश्रमासाठी गोळ्या घेताना अखंड पट्टीच मागायला हवी.