तेलाची चिंधी का वाळते?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर सांगलीच्या आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी पत्र्याची जुनी डबी घेऊन माझ्याकडे आला. हा मुलगा सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातला. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी त्याच्या आजोबांजवळ परवान्याची ठासणीची बंदूक होती. आजोबा गेले, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, डबी मात्र माळ्यावर राहिली. तिच्यात नळी पुसण्याच्या तेलकट चिंध्या होत्या. त्यांतल्या काही जवसाच्या तेलात भिजवलेल्या, तर काहींना मेण आणि खोबरेल तेल लावलेले. आता मात्र साऱ्याच कडक झाल्या होत्या. "सर, या पुन्हा पहिल्यासारख्या करता येतील का?" त्याने विचारले.

प्रश्न साधा वाटला तरी उत्तर सोपे नव्हते. आम्ही दोन्ही प्रकारच्या चिंध्या एका झाकणाच्या डबीत ठेवल्या आणि ती डबी कडकडीत गरम पाण्याच्या पातेल्यात बसवली. दहा-पंधरा मिनिटांनी झाकण उघडले. मेणाच्या चिंध्या मऊ, ओलसर झाल्या होत्या. जवसाच्या चिंध्या मात्र होत्या तशाच, चामड्यासारख्या ताठ! असे का झाले?

त्याआधी चिंधीचे काम काय ते पाहू. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू आणि गोळी भरून गजाने ठासतात. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतील तर ती रायफल. गोल गोळीच्या रायफलीत गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते आणि ती तेलकट कापडात गुंडाळून आत ढकलतात. कापडामुळे फट भरते, दारूचा वायू वाया जात नाही आणि खाचांची पकड कापडामार्फत गोळीला मिळून ती स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूप काजळी व क्षार म्हणून उरतो. वंगण हा थर मऊ ठेवते. चिंधी कोरडी असेल तर घर्षण वाढते, कापड फाटते किंवा करपते.

आता वाळण्याचे कोडे. वाळणे दोन प्रकारचे असते. मेण आणि खोबरेल यांच्या मिश्रणातले तेल केशाकर्षणाने हळूहळू धाग्यांत शिरते, मेण वर उरते आणि चिंधी कोरडी भासते. तेल कोठे गेलेले नसते, फक्त जागा बदललेली असते. मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यापुढे तापवले की दोन्ही पुन्हा एक होतात. हा भौतिक बदल. तो उलटवता येतो.

जवसाच्या तेलाची गोष्ट वेगळी. त्याच्या रेणूंत दुहेरी बंध पुष्कळ असतात. तेथे हवेतला ऑक्सिजन जोडला जातो आणि रेणू एकमेकांत गुंफून जाळे तयार होते. म्हणून तर रंगारी हे तेल रंगात वापरतात. हा रासायनिक बदल. उष्णतेने तो उलटत नाही. शेंगतेल या दोहोंच्या मधले. ते चटकन कडक होत नाही, पण चिकट आणि खवट होते. खोबरेलात दुहेरी बंध फारच थोडे, त्यामुळे ते बराच काळ टिकते. साताऱ्याच्या थंडीत बाटलीतले खोबरेल गोठते, ते सांगलीच्या उन्हाळ्यात पातळ होते. तेल तेच राहते, कारण तोही भौतिकच बदल.

वंगण हवामानात टिकेल का, हा प्रश्न एकेकाळी फार मोठा ठरला होता. एनफिल्ड रायफलीच्या काडतुसात गोळीभोवतीचा वंगण लावलेला कागदच चिंधीचे काम करी. हे वंगण हिंदुस्थानच्या हवेत टिकते का, हे पाहण्यासाठी १८५३ साली इंग्लंडहून अशी काडतुसे पाठवली गेली. ती कलकत्ता, कानपूर आणि रंगून येथे ठेवून १८५५ मध्ये परत नेली. वंगण टिकले की नाही, ते तपासले गेले. पण काडतूस दातांनी फोडावे लागे. त्यावरची चरबी कोणत्या जनावराची, हे शिपायाला कोण सांगणार? कर्नल टकर या अधिकाऱ्याने १८५३ मध्येच तसा इशारा दिला होता. तो दुर्लक्षिला गेला. शिपायांनी स्वतःच वंगण लावावे, अशी मुभा जानेवारी १८५७ मध्ये मिळाली, तोवर विश्वास उडाला होता.

उठावाची कारणे अर्थातच अनेक होती. साताऱ्याचे राज्य १८४८ सालीच खालसा झाले होते, आणि तेथला राग काडतुसाहून जुना होता. तरी प्रयोगाने एका प्रश्नाचे उत्तर दिले म्हणजे सारे प्रश्न सुटले, असे होत नाही, हे त्या काडतुसांनी दाखवून दिले.

तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. बंदुकीची मुळीच गरज नाही. जुन्या सुती कापडाच्या रुपयाएवढ्या सहा चकत्या कापा. दोन जवसाच्या तेलात, दोन शेंगतेलात आणि दोन मेण-खोबरेलाच्या मिश्रणात भिजवा. प्रत्येकीतली एक घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत ठेवा, दुसरी उघड्यावर पसरा. महिनाभर दर आठवड्याला वास, रंग आणि मऊपणा यांची नोंद करा. शेवटी सहाही चकत्या गरम पाण्याच्या उबेवर ठेवून कोणत्या पूर्ववत होतात ते पाहा. मेण वितळवताना शिक्षकांना जवळ बोलवा आणि ते थेट ज्योतीवर न धरता पाण्यात ठेवलेल्या भांड्यातच वितळवा.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कधीही टाकू नका. ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता निघते. ढिगात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. अशा चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

आजोबांची डबी आता आमच्या प्रयोगशाळेत आहे. मेणाच्या चिंध्या जपून ठेवल्या आहेत आणि शेजारी ताठ झालेली जवसाची एक चिंधीही. वर्गात कोणी विचारले, "भौतिक आणि रासायनिक बदलांत फरक काय?" तर मी फळ्याकडे वळत नाही, डबी उघडतो.